सिकलसेल : आजार रक्तातला, शिक्का समाजावर

यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीचे दिवस आले की हातपाय दुखण्याची तक्रार घरोघरी असते. पण पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतल्या एखाद्या शाळकरी मुलीचे दुखणे निराळे असते. तिची हाडे आतून ठणकतात, सांधे सुजतात, डोळे पिवळसर दिसतात, थोडे चालले तरी दम लागतो. पहाटेची थंडी, साधा ताप किंवा दिवसभर पाणी कमी पिणे, एवढे निमित्तही तिला अंथरुणाला खिळवायला पुरते. घरात कोणी तिला कामचुकार म्हणते. दवाखान्यातून कधी दुखण्याची गोळी देऊन परत पाठवले जाते. रक्त नीट तपासले, की उत्तर मिळते : सिकलसेल, 'एसएस पॅटर्न'.

आजाराचे नाव कळले म्हणून त्रास संपत नाही. 'हा तर आदिवासींचा आजार', 'हा अमुक जातीत असतो', असे लगेच बोलले जाते. वेदना एका मुलीची असते, शिक्का मात्र तिच्या सगळ्या समाजावर बसतो. ही सवय केवळ गावातली नाही. वैद्यकशास्त्राने स्वतःच ती शंभर वर्षांपूर्वी लावली आहे.

रक्तात काय बिघडते?

निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते. केसापेक्षा बारीक रक्तवाहिनीतूनही ती अंग चोरून पुढे जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेले असते. एवढ्याशा बदलाने, प्राणवायू कमी पडला की पेशी कडक होते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी रक्तवाहिनीत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांतच फुटते, म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले, तर मूल रुग्ण (एसएस) होते. एकाकडूनच मिळाले तर ते वाहक (एएस) असते. वाहकाला सहसा काहीही त्रास नसतो.

'काळ्यांचे रक्त'

1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या पेशींची पहिली नोंद प्रसिद्ध केली. त्यांचा रुग्ण हा ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला कृष्णवर्णीय तरुण होता. पुढचे काही रुग्णही कृष्णवर्णीय निघाले आणि अमेरिकेत हा 'काळ्यांचा आजार' ठरून गेला. एखाद्या गोऱ्या माणसाच्या रक्तात अशा पेशी दिसल्या, तर डॉक्टर स्वतःच्या समजुतीवर शंका घेत नसत. त्या माणसाच्या पूर्वजांत कोणी काळा असणार, असा संशय घेत. 1929 मध्ये एका ग्रीक कुटुंबात आजार सापडल्याची नोंद झाली, तरीही समजूत सुटली नाही.

याची किंमत माणसांनी मोजली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक अनेकांना समजावून सांगितलाच गेला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे त्यांना 1981 पर्यंत बंद होते. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे, हे 1949 मध्ये दाखवणाऱ्या लायनस पॉलिंग यांनी तर 1968 मध्ये वाहक तरुणांच्या कपाळावर गोंदण करावे, असे सुचवले होते. दोन वाहकांनी एकमेकांच्या प्रेमात पडू नये, हा त्यांचा हेतू. कपाळावरचे गोंदण घेऊन माणसाला समाजात कसे जगावे लागेल, हा प्रश्न त्यात नव्हता.

नाक आणि कवटी मोजणारे शास्त्र

माणसांची 'वंशां'त वाटणी करून त्यांना वरचे-खालचे ठरवण्याचा उद्योग तेव्हा शास्त्र म्हणून मान्य होता. भारतात हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोकांच्या नाकांची मापे घेतली. नाक जितके रुंद, तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला. 1901 च्या जनगणनेचे प्रमुखही तेच होते.

या मोजपट्टीला उत्तर देणाऱ्यांत दोन नावे महाराष्ट्राची आहेत. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते आणि पुढे त्यांच्या विचारांचा नाझींना उपयोग झाला. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हे इरावतीबाईंना तपासायचे होते. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मार्गदर्शकापुढे ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे तपासले. ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे नाहीत, हे त्यांनी त्याच आकड्यांवरून दाखवले.

जनुकशास्त्राने पुढे याला दुजोरा दिला. 1972 मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हिशोब मांडला, की माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतात. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए साधारण 99.9 टक्के सारखा असतो.

हिवतापाचा नकाशा

मग सिकलसेल काही समाजांत जास्त का? याचे उत्तर 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. वाहकांना गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे वाहक मुले जास्त जगली आणि जनुक टिकून राहिले. म्हणूनच हा आजार आफ्रिकेत आहे, ग्रीसच्या जुन्या दलदली भागात आहे, सौदी अरेबियाच्या पूर्वेला आहे आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातही आहे. भारतात त्याची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. आजाराचा हा नकाशा कातडीच्या रंगाशी जुळत नाही, हिवतापाच्या डासांशी जुळतो.

विदर्भात गोंड, परधान अशा आदिवासी जमातींबरोबर अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही सिकलसेल आढळतो. लग्ने जातीतल्या जातीत होत राहिल्याने जनुक काही गटांत साठून राहिले. त्यामुळे 'हा त्यांचा आजार' या शिक्क्याने दुहेरी नुकसान होते. ज्यांच्यावर शिक्का बसला ते लाजेने कार्ड लपवतात. ज्यांच्यावर बसला नाही, त्यांच्या मुलाचे निदान उशिरा होते, कारण तपासणी करायला कोणी सांगतच नाही.

वेदनेवर विश्वास न ठेवण्याची सवयही जुनीच आहे आणि अजून गेलेली नाही. 2016 मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना प्रश्न विचारण्यात आले. काळ्या लोकांची कातडी जाड असते, यासारखा किमान एक खोटा समज त्यांच्यापैकी निम्म्यांना खरा वाटत होता. असे समज बाळगणारे काळ्या रुग्णाची वेदना कमी लेखत होते. आपल्याकडे 'या लोकांना सवय असते' असे पोडावरून आलेल्या बाईबद्दल कोणी सहज म्हणून जाते, तेव्हा वेगळे काही घडत नसते.

कार्ड कशासाठी?

1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांना कार्ड मिळते. ते लग्नाच्या बोलणीत मुलीला नाकारण्याचे साधन झाले, तर लोक तपासणीपासूनच दूर पळतील. कार्ड दोन्ही बाजूंनी पाहायचे असते, फक्त मुलीचे नव्हे.

हिशोब सोपा आहे. एक जोडीदार वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. फार तर वाहक होते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते. अशा जोडप्याने मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडी आणि अतिश्रम टाळावेत, फॉलिक अ‍ॅसिड आणि डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया नियमित घ्यावे, लसी चुकवू नयेत. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा अचानक अंग लुळे पडणे दिसले, तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे पात्र रुग्णांना प्रमाणपत्र मिळू शकते. आणि वारंवार अंग दुखते म्हणणाऱ्या मुलाची किंवा मुलीची जात कोणतीही असो, आधी रक्त तपासावे.