ट्रामचा रूळ आणि सायकलचं चाक : एडिनबराचा धडा



आज शहरातल्या ट्रामबद्दल बोलायचं आहे. ट्राममध्ये बसणाऱ्यांबद्दल मात्र मी थोडंच सांगणार आहे. ज्यांना त्याच रस्त्यावरून, त्या रुळांच्या शेजारून आणि वरून सायकल न्यावी लागते, त्यांच्याबद्दल जास्त. उदाहरण घेतलं आहे स्कॉटलंडच्या राजधानीचं, एडिनबराचं. तिथे २०१४ साली नवी ट्राम सुरू झाली. त्या शहराला जे समजायला काही वर्षं आणि बरीच हाडं मोडावी लागली, ते आपल्याला फुकटात समजून घेता येईल.

तुम्ही विचाराल, कर्नलसाहेब, इथे इंदुरात, बडोद्यात, बेंगळुरूत बसून आम्हाला स्कॉटलंडच्या ट्रामचं काय? दोन कारणं आहेत. आपल्या केंद्र सरकारने २०१९ साली ‘मेट्रोलाइट’साठी निकष काढले. मेट्रोलाइट म्हणजे मध्यम शहरांसाठी जमिनीवरून धावणारी हलकी मेट्रो, ट्रामचीच बहीण म्हणा. उद्या ती तुमच्या शहरात येऊ शकते. दुसरं कारण, २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. पेपरवाला, दूधवाला, रात्रपाळीचा पहारेकरी, कारखान्यातला कामगार यांचं वाहन ते. रस्त्याचा नकाशा काढणाऱ्यांच्या टेबलापाशी ही माणसं बसलेली नसतात.

आधी यंत्र समजून घेऊ

ट्राम रस्त्यात धावते, म्हणून तिचा रूळ रस्त्याच्या पातळीत पुरलेला असतो. गाडीच्या पोलादी चाकाला आतल्या बाजूने एक कड असते, तीच चाकाला रुळावर धरून ठेवते. त्या कडेला जागा हवी, म्हणून रुळाच्या डोक्याशेजारी एक खोबण ठेवतात. ही खोबण साधारण चार सेंटिमीटर रुंद असते, वळणावर जरा जास्तच.

आता सायकलचा टायर बघा. रेसिंग सायकलचा टायर अडीच ते तीन सेंटिमीटरचा. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलचा दीड इंची, म्हणजे चार सेंटिमीटरच्या आसपास. माउंटन बाइकचा पाच किंवा अधिक. म्हणजे बारीक टायर खोबणीत सरळ उतरतो, मधला काठावर असतो आणि जाड टायर बहुधा वरून निघून जातो.

चाक अडकलं की माणूस लगेच का पडतो? सायकलचा तोल हँडलने सांभाळला जातो. आपण डावीकडे कलायला लागलो की नकळत हँडल जरा डावीकडे वळवतो आणि चाक पुन्हा आपल्याखाली येतं. हे प्रत्येक क्षणाला चालू असतं. पुढचं चाक खोबणीत गेलं की हँडल वळत नाही, तोल सावरायचा एकमेव मार्ग बंद होतो. माणूस आडवा होतो तो त्यामुळे, आणि वीस वर्षं सायकल चालवलेला माणूसही तसाच पडतो.

पुढचा मुद्दा कोनाचा. याचं गणित सोपं आहे. रूळ काटकोनात ओलांडला तर चाकाला चार सेंटिमीटरचीच खोबण पार करावी लागते. साठ अंशांत ओलांडला तर साडेचारच्या थोडं वर. तीस अंशांत आठ. दहा अंशांत मात्र तेवीस सेंटिमीटर. टायर जमिनीला टेकतो तो ठसा आठ-दहा सेंटिमीटर लांबीचा असतो. म्हणजे निमुळत्या कोनातून जाताना सगळा ठसा खोबणीवर येतो आणि चाक खाली उतरतं. म्हणूनच शक्य तितकं काटकोनात जा आणि साठ अंशांच्या खाली येऊ नका, असा सल्ला दिला जातो.

तिसरी गोष्ट पाऊस. ओलं पोलाद आणि रबर यांची पकड फार कमी. चाक खोबणीत गेलं नाही तरी ते रुळाच्या डोक्यावरून घसरू शकतं, विशेषतः त्याच क्षणी ब्रेक लावला किंवा वळण घेतलं तर. हा धोका जाड टायरलाही आहे आणि आपल्या स्कूटर-मोटरसायकललाही.

एडिनबरात काय झालं

३१ मे २०१४ रोजी विमानतळापासून यॉर्क प्लेसपर्यंतचा सुमारे १४ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. खर्च ७७ कोटी ६० लाख पौंडांच्या घरात गेला. काम इतकं रखडलं आणि महागलं की त्याची सार्वजनिक चौकशी बसवावी लागली, पण तो वेगळा विषय. ट्राम स्वतः उत्तम आहे. जवळपास ४३ मीटर लांबीची गाडी, एका फेरीत अडीचशे माणसं नेते.

आता ही तारीख लक्षात ठेवा आणि पुढचं ऐका. शहरातल्या डॉक्टरांनी सायकलस्वारांच्या ट्राम-रुळांमुळे झालेल्या दुखापतींचा अभ्यास केला. मे २००९ ते एप्रिल २०१६ या काळात अशा १९१ जखमी सायकलस्वारांची नोंद झाली. त्यांतल्या ६३ जणांची हाडं मोडली होती किंवा सांधे निखळले होते. सुमारे तीन-चतुर्थांश वेळा चाक रुळात अडकलं होतं आणि साधारण एक-षष्ठांश वेळा टायर रुळावरून घसरला होता.

अभ्यास २००९पासूनचा, ट्राम २०१४ची. म्हणजे प्रवासी घेऊन पहिली गाडी धावण्याआधीच रस्त्यात रूळ होते आणि माणसं पडत होती. इथे धोका धावणाऱ्या गाडीपेक्षा रस्त्यात पडून असलेल्या रुळाचा आहे, आणि तो चोवीस तास तिथेच असतो. ट्रामच्या सुरक्षिततेची चर्चा बहुतेक वेळा गाडीच्या वेगावर, घंटीवर आणि ब्रेकवर होते. रुळाची चर्चा शेवटी येते.

पुढे ३१ मे २०१७ रोजी, उद्घाटनाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाच्या चौकात एक तरुण वैद्यकीय विद्यार्थिनी सायकलवरून रुळांपाशी पडली आणि मागून येणाऱ्या मिनीबसखाली सापडून गेली. ट्रामने तिला स्पर्शही केला नव्हता. रुळाने पाडलं, मागच्या वाहनाला थांबायला जागा नव्हती. पडणं आणि चिरडलं जाणं यांच्यात एक-दोन सेकंदांचं अंतर असतं, आणि त्या सेकंदांत मागे कोण आहे यावर सगळं ठरतं. त्यानंतर त्या चौकांची फेररचना करण्याचं काम हाती घेतलं गेलं.

२०१९ साली प्रकरण स्कॉटलंडच्या कोर्ट ऑफ सेशनपुढे आलं. रुळांवर पडून जखमी झालेल्या दोन सायकलस्वारांचे दावे नमुना म्हणून चालवले गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. तिथल्या कायद्यातली कसोटी समजून घेण्यासारखी आहे. नेहमीची काळजी घेऊन रस्ता वापरणाऱ्या माणसालाही ती जागा अपघाताला कारण ठरेल का, हा प्रश्न विचारला जातो. म्हणजे ‘तुम्ही जपून चालवायला हवं होतं’ एवढं म्हणून रस्ता बांधणाऱ्याला हात झटकता येत नाहीत.

चूक कुठे होती

हेमार्केट स्टेशनजवळ रूळ रस्त्याला तिरके छेदून जातात. सायकलस्वार सरळ चालला असला तरी रूळ त्याच्या वाटेखालून निमुळत्या कोनात सरकतात. काटकोनात ओलांडायचं तर त्याने आधी डावीकडे सरकून मग उजवीकडे वळायला हवं, म्हणजे मागच्या मोटारींच्या तोंडात जायला हवं. गर्दीच्या वेळी मागून बस हॉर्न देत असताना कोण असं वळेल? म्हणून माणूस सरळ जातो आणि कोन चुकतो. दोष सायकलस्वाराच्या कौशल्याचा वाटतो, पण त्याच्याकडून घडणारी कृती रस्त्याच्या आखणीने आधीच ठरवून ठेवलेली असते.

मी सॅपर, इंजिनिअर्सचा माणूस. आमच्याकडे सुरुंगक्षेत्रातून वाट काढायचं शिक्षण असतं. सुरुंग आहेत अशी पाटी लावून आणि ‘सांभाळून जा’ सांगून कोणी तुकडी पुढे पाठवत नाही. आधी वाट साफ करतात, तिची रुंदी ठरलेली असते, दोन्ही बाजूंना फीत लावतात, रात्रीसाठी दिवे ठेवतात, आणि मागचा ताफा पुढच्याला ढकलणार नाही याची जबाबदारी एका माणसावर देतात. वाट आखतात ती थकलेल्या, ओझं घेतलेल्या, अंधारात चालणाऱ्या शेवटच्या जवानासाठी. शहरातल्या रुळांना हाच नियम लावला तर निम्मा प्रश्न सुटतो.

उपाय, महत्त्वाच्या क्रमाने

पहिला उपाय वेगळ्या वाटेचा. ट्रामच्या रस्त्याला समांतर दुसरा चांगला रस्ता सायकलला द्यायचा, किंवा त्याच रस्त्याच्या कडेने उंचवट्याने वेगळी केलेली सायकलवाट द्यायची. एडिनबराने पुढचा टप्पा न्यूहेवनपर्यंत नेला, तो ७ जून २०२३ रोजी सुरू झाला. त्यात लीथ वॉक या मोठ्या रस्त्यावर वेगळी सायकलवाट ठेवली गेली. धडा घेतला गेला होता. मात्र २०२२ साली त्या वाटेचा एक तुकडा असा नागमोडी, काटकोनांत वळणारा बांधला गेला की त्याचे फोटो जगभर फिरले आणि हसं झालं. म्हणजे नकाशात सायकलवाट दाखवून भागत नाही, आखणाऱ्याने स्वतः सायकलवर बसून ती एकदा पार करायला हवी. फौजेत याला आम्ही रेकी म्हणतो.

दुसरा उपाय ओलांडण्याच्या जागेचा. जिथे रूळ ओलांडावेच लागतात, तिथे रंगवलेली, वळसा घालून काटकोनात नेणारी वाट हवी, आणि सिग्नलवर सायकलला काही सेकंद आधी हिरवा दिवा, म्हणजे मागचं वाहन अंगावर येत नाही.

तिसरा उपाय थांब्याचा. थांबा रस्त्याच्या कडेला आला की सायकलस्वार फलाट आणि रूळ यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सापडतो. त्यामुळे सायकलवाट फलाटाच्या मागून काढावी.

चौथा उपाय खोबण रबराने भरण्याचा. ऐकायला तो सर्वांत सोपा वाटतो. जड मालगाडी क्वचित जाते अशा ठिकाणी ते जमतं, कारण चाकाच्या वजनाने रबर दबतं आणि गाडी गेली की वर येतं. पण दर काही मिनिटांनी ट्राम जाते तिथे रबर झिजतं. झ्युरिकने हा प्रयोग करून पाहिला, आणि हीच अडचण आली. म्हणून या उपायावर भिस्त ठेवू नये.

शेवटचा उपाय प्रशिक्षणाचा. तो हवाच, पण त्याची जागा शेवटची.

आपल्याकडचं काय

ट्राम आपल्याला नवी नाही. कोलकात्यात १८७३ साली आणि मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. कोलकात्याची उतरणीला लागत आता अगदी थोडी उरली आहे. कोलकात्यात पोस्टिंगला असताना मैदानाच्या बाजूने मी बरीच सायकल चालवली. तिथले जुने सायकलवाले रूळ आला की न सांगता हँडल आडवं करतात, पावसात तर खाली उतरतात. ते ज्ञान पिढ्यांनी मिळवलेलं आहे. ज्या शहरात रूळ नव्याने येतील तिथे ते कोणाकडेच नसेल. एडिनबरातही १९५६मध्ये जुनी ट्राम बंद झाली होती. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत तिथल्या लोकांची ती सवय गेली होती.

मेट्रोलाइटच्या निकषांत मार्ग कुंपण घालून वेगळा ठेवायचा आहे, ही चांगली गोष्ट. पण चौकात कुंपण संपतं आणि रूळ रस्त्यात येतो. तिथे कोन किती अंशांचा, हे नकाशावरच ठरतं. काँक्रीट ओतल्यावर रूळ हलवता येत नाही. म्हणून तुमच्या शहरात असा प्रकल्प जाहीर झाला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या, तर तीन प्रश्न लेखी विचारा. सायकल रूळ कुठे ओलांडणार? किती अंशांत? आणि त्या क्षणी तिच्या मागचं वाहन कोण थांबवणार?

मी ट्रामच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. अडीचशे माणसं एका गाडीत गेली तर तेवढ्या मोटारी रस्त्यावरून कमी होऊ शकतात, आणि त्याचा पहिला फायदा सायकलवाल्यालाच आहे. एडिनबराच्या ट्राममध्ये गर्दीच्या वेळा सोडून सायकल आत घेऊन जाता येते. दोन्ही वाहनं एकमेकांची सोबती होऊ शकतात. त्यासाठी आखणी करताना दोघांचा विचार एकाच वेळी व्हायला हवा.

तोवर तुम्ही कुठेही रुळांवरून सायकल नेत असाल तर एवढं पाळा. आधी मागे वळून बघा, हात दाखवा, मग रूळ शक्य तितका काटकोनात ओलांडा. रुळावर असताना ब्रेक लावू नका, वळू नका. दोन रुळांच्या मधून चालवत राहू नका. पाऊस असेल आणि मागे गर्दी असेल तर सरळ खाली उतरा आणि सायकल हातात धरून पलीकडे जा. त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या भागात आपण पावसाळ्यात पुलांवरून वाहणाऱ्या पाण्याबद्दल बोलू. किती खोल पाणी म्हणजे गाडी वाहून जाते, त्याचंही गणित सोपंच आहे.

जय हिंद.