बोटाचे अक्षर आणि डोळ्याचे अक्षर



काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या तपासणीच्या वेळी तिसरीच्या वर्गात एक जन्मांध मुलगी पहिल्या रांगेत बसलेली आढळली. तिचे नाव पटावर होते, हजेरीही उत्तम होती. तिच्याकरिता आलेले ब्रेल लिपीतील पाठ्यपुस्तक मात्र कपाटात होते. ते मागवून प्रस्तुत लेखकाने तिच्यापुढे ठेवले. तिने पानावरून बोटे फिरविली आणि ती म्हणाली, “साहेब, पुस्तक उलटं आहे.”

वर्गशिक्षिकेने प्रांजळपणे सांगितले की, महिन्यातून दोनदा येणारे विशेष शिक्षक तिला ही लिपी शिकवितात. आपणास ती येत नाही, आणि शेजारच्या मुलींना तर ती कोरी पानेच वाटतात. त्या बाईंस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, कारण पुस्तक उलटे धरणारे आम्हीच होतो. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे. मूल वर्गात बसले म्हणजे ते वर्गाचे झाले असे नव्हे. ज्याचे पुस्तक शेजाऱ्यास वाचता येत नाही, ते मूल भर वर्गात एकटेच असते.

ही अडचण ब्रेल लिपीइतकीच जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन आउई यांनी अंध मुलांची शाळा काढली, तेव्हा तेथील पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठवून छापलेली असत. डोळस शिक्षकांस ती सहज वाचता येत. मुलांच्या बोटांस मात्र प्रत्येक अक्षराची वळणे चाचपावी लागत. ह्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेल (1809–1852) यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी सहा ठिपक्यांची पद्धती सिद्ध केली व 1829 मध्ये ती प्रसिद्ध केली. उभ्या दोन ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. सारे अक्षर एका बोटाच्या अग्राखाली मावते. अंध विद्यार्थ्यांनी ती तत्काळ उचलली. शाळेने तिचा रीतसर स्वीकार केला तो मात्र 1854 मध्ये, ब्रेल यांच्या मृत्यूनंतर. डोळस शिक्षकांस न वाचता येणारी लिपी शाळेत असावी, हे अनेकांस रुचत नव्हते. म्हणजे एक लिपी डोळ्यांच्या सोयीची, दुसरी बोटांच्या सोयीची. बोटांचा पक्ष जिंकला हे योग्यच झाले, परंतु दोघांमधील भिंत कायम राहिली.

ह्या भिंतीला दार पाडण्याचा एक सुंदर प्रयत्न आपल्या काळात झाला आहे. डेन्मार्कमधील लेगो कंपनीचे प्लास्टिकचे ठोकळे पुष्कळांनी पाहिले असतील. एका ठोकळ्याच्या उंचवट्यांत दुसरा घट्ट बसतो. त्याच उंचवट्यांतून ब्रेल अक्षरे घडवावीत, अशी सूचना डेन्मार्कच्या अंध संघटनेने लेगो प्रतिष्ठानाकडे 2011 मध्ये केली. पुढे 2017 मध्ये ब्राझीलमधील दोरिना नोविल प्रतिष्ठानाने हीच कल्पना पुन्हा मांडली. वयाच्या सतराव्या वर्षी दृष्टी गमावलेल्या दोरिना नोविल यांनी अंधांसाठी पुस्तके छापण्याकरिता 1946 मध्ये ही संस्था स्थापिली होती. 2019 मध्ये ह्या योजनेची घोषणा झाली आणि 2020 पासून हे संच काही देशांतील अंधशिक्षण करणाऱ्या संस्थांस विनामूल्य मिळू लागले. 2023 मध्ये इंग्रजी व फ्रेंच अक्षरांचे संच विक्रीसही आले.

ह्या ठोकळ्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. नेहमीच्या ठोकळ्यावर आठ उंचवटे असतात. येथे वरच्या सहा जागांपैकी अक्षरास लागतील तेवढेच उंचवटे ठेवले आहेत; खालच्या दोन जागा सपाट करून तेथे तेच अक्षर शाईने छापले आहे. अंध मूल उंचवटे चाचपते, डोळस मूल छापील अक्षर पाहते, आणि दोघे मिळून एकच शब्द जुळवितात. शिक्षकासही लिपी आधी शिकून येण्याची वाट पाहावी लागत नाही. खेळता खेळता ती कळू लागते. लेखकाच्या मते ह्या संचाचे खरे मोल त्या दोन सपाट जागांत आहे. उंचवटे मोठे असल्याने पुस्तकातील बारीक ठिपक्यांचे वाचन अर्थातच पुढे स्वतंत्रपणे शिकवावे लागते.

आपल्या शाळांना हे संच महाग वाटतील, पण त्यातील युक्ती घेण्यास खर्च नाही. भारतीय भाषांकरिता 1951 पासून ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धती आहे. डावीकडचे ठिपके वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडचे 4, 5, 6 असे मोजावेत. ‘क’ म्हणजे 1 व 3. ‘म’ म्हणजे 1, 3 व 4. ‘ल’ म्हणजे 1, 2 व 3. झाला ‘कमल’ हा शब्द. हीच तीन चिन्हे इंग्रजी ब्रेलमध्ये के, एम व एल यांची आहेत. सर्वत्र मात्र असे जुळत नाही. ‘ठ’ची खूण इंग्रजीतील डब्ल्यूची आहे, तेव्हा तक्ता जवळ ठेवल्याशिवाय अंदाजाने पुढे जाऊ नये. आणखी एक गंमत मुलांस अवश्य दाखवावी. ‘कि’ लिहिताना आपण ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो. ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणे आधी ‘क’ आणि मग ‘इ’ येते.

जाड पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे पत्ते कापावेत, त्यांवर चिंचोके डिंकाने चिकटवून ठिपके करावेत, आणि खालच्या मोकळ्या पट्टीत तेच अक्षर ठळक लिहावे. हे काम चौथीची मुले एका दुपारी करतात. वरचा उजवा कोपरा तिरपा कापण्यास विसरू नये. त्यावरून पत्ता सुलटा की उलटा हे बोटास कळते. प्रत्येक अक्षराचे निदान दोन पत्ते असावेत, नाहीतर ‘बाबा’ लिहिता येत नाही. पत्त्यांची पेटी अंध मुलापाशी न ठेवता वर्गाच्या फळीवर ठेवावी. शिक्षकांनी रोज दोन पत्ते डोळे मिटून ओळखावेत, आणि चुकल्यास त्या मुलास दुरुस्त करू द्यावे.