हाडांची सुई आणि दातांची काळजी

तुरीची पोती उचलून कंबर धरली, की आपण शेतकरी श्रमाला दोष देतो. पण मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात हाडे वाळवी लागलेल्या तुळईसारखी पोखरतात. ती सावरण्यासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडची सुई शिरेतून देतात. कलबुर्गीत किदवाई कर्करोग संस्थेचे केंद्र आहे.

आमचे सांगणे एवढेच, की सुई घेतली म्हणजे काम संपले असे समजू नये. सुरुवातीपूर्वी दात तपासून घ्यावेत. पुढे दात काढायचा झाल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. नाहीतर जबड्याची जखम न भरता हाड उघडे पडू शकते. प्रत्येक सुईआधी रक्तातील क्रिएटिनिन व कॅल्शियम पाहावे. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत; मूत्रपिंडाला बाधतात. पाठ एकाएकी दुखून पाय लुळे पडू लागले, तर रास शेतात राहू द्यावी आणि त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.