बर्फाच्या ओढीने घर कोठे करावे?

पेढीसाठी जागा पाहताना जाणता व्यापारी दिवाळीच्या गर्दीला भुलत नाही. ऐन मंदीच्या महिन्यांत त्या रस्त्याला किती वर्दळ असते, हे तो आधी विचारतो. वर्षाचे भाडे, मालाची ने-आण, नोकरमाणसांची राहण्याची सोय, जिनमंदिराची जवळीक आणि संघाची सोबत असा सारा ताळेबंद मांडून मगच तो बोलणी पक्की करतो. आज आपल्या घराण्यांतील अनेक मुले-मुली नोकरी-व्यवसायासाठी अमेरिकेत स्थायिक होत आहेत. त्यांतील काहींना तेथील हिमाच्छादित उतारांवरील स्कीइंगची गोडी लागते आणि पर्वताच्या जवळच बिऱ्हाड हलवावे, असे वाटू लागते. घरांच्या किमती चढत असताना हा निर्णय घेणे म्हणजे जागेच्या पारखीची कसोटीच होय.

या चढत्या किमतींची कारणे समजून घेतली पाहिजेत. २०२० नंतर घरून काम करण्याची मुभा मिळाली आणि महानगरांतील सधन मंडळी डोंगरातील लहान गावांकडे वळली. तेथे घरे मुळातच थोडी. वायोमिंग राज्यात जॅक्सन हे प्रसिद्ध स्कीग्राम ज्या टेटन परगण्यात आहे, तेथील सुमारे ९७ टक्के जमीन सरकारी आहे. खरेदी-विक्री होते ती उरलेल्या तीन टक्क्यांची. त्यातही अनेक घरे वर्षातून काही आठवडेच उघडतात. परिणामी हॉटेलातील कामगार, शिक्षिका, परिचारिका यांना गावात घर परवडत नाही. त्यांच्यातील कित्येक जण खिंड ओलांडून शेजारच्या आयडाहो राज्यातून रोज ये-जा करतात. जून २०२४ मध्ये टेटन खिंडीतील रस्त्याचा एक भाग खचला, तेव्हा त्यांना काही आठवडे फार लांबचा वळसा घ्यावा लागला. गावाचा गाडा ओढणारी माणसेच गावाबाहेर राहतात, हे त्या दिवसांत सर्वांना उघड दिसले.

त्यातच व्याजाचा भार वाढला. २०२१ साली तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर तीन टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो सात टक्क्यांच्या वर गेला. पाच लाख डॉलरच्या कर्जाचा मासिक हप्ता तीन टक्क्यांनी सुमारे २,१०८ डॉलर होतो, तर सात टक्क्यांनी सुमारे ३,३२७ डॉलर. घर तेच, रक्कम तीच. तरी महिन्याला बाराशे डॉलरहून अधिक रक्कम केवळ व्याजापायी जाते.

म्हणून विचारी मंडळी पर्वताच्या पायथ्याशी न जाता, तेथून तासाभराच्या अंतरावरील शहराचा विचार करतात. युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी हे त्याचे ठळक उदाहरण. अल्टा, स्नोबर्ड, सॉलिट्यूड आणि ब्रायटन ही चार स्कीकेंद्रे शहरापासून साधारण तासाभरात गाठता येतात. अल्टा येथे सरासरी सुमारे ५०० इंच हिमवृष्टी होते. २०२२-२३ च्या हंगामात तर ९०३ इंचांची नोंद झाली. शहरात विमानतळ, विद्यापीठ आणि वर्षभराचा रोजगार आहे. मात्र खर्चाची बाजूही आहे. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात कोंडली जाऊन प्रदूषण साचते. ग्रेट सॉल्ट लेक सरोवराची पातळी २०२२ मध्ये नीचांकाला गेली. त्याच्या उघड्या पडलेल्या पात्रातील धूळ ही नवी चिंता होऊन बसली आहे.

डेन्व्हरला नोकऱ्या विपुल, पण व्हेल सुमारे १६० किलोमीटर दूर. शनिवारी सकाळी आणि रविवारी सायंकाळी सारे शहर जणू एकाच महामार्गावर उतरते. नेवाडातील रीनोपासून माउंट रोझ सुमारे ४० किलोमीटरवर, शिवाय राज्याचा प्राप्तिकर नाही. तथापि शेजारच्या कॅलिफोर्नियातील ताहो परिसरात घर घेणाऱ्याने वणव्याचा धोका आणि घराचा विमा यांचा हिशेब आधी करावा. २०२१ च्या वणव्यात साउथ लेक ताहो हे गाव रिकामे करावे लागले होते. आयडाहोतील बॉइझीजवळ बोगस बेसिन हे १९४२ पासूनचे, नफ्यासाठी न चालणारे लोकांचे स्कीकेंद्र आहे; परंतु महामारीच्या काळात त्या शहरातील घरांच्या किमतीही भराभर चढल्या.

जैन कुटुंबाच्या ताळेबंदात आणखी काही रकाने येतात. मुलांसाठी पाठशाळा किती अंतरावर? पर्युषणात प्रतिक्रमणाला चार घरे एकत्र येतील काय? कॅलिफोर्नियात मिल्पिटास येथे २००० साली जैन मंदिर उभे राहिले. तेथे संघ मोठा, पण घरे महाग आणि ताहोचा बर्फ कित्येक तास दूर. ज्या घरात चौविहार पाळला जातो, तेथे तर घड्याळही निर्णायक ठरते. डिसेंबरात सॉल्ट लेक सिटीचा सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि स्कीच्या लिफ्ट साधारणतः चार-साडेचारपर्यंत चालतात. परतीच्या वाटेवर वाहनांच्या रांगेत अडकलेल्या कुटुंबाला सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल ते सोबत नेलेल्या डब्यातूनच.

अशा वेळी घाईने खरेदी न करता आधी एक हिवाळा आणि एक उन्हाळा भाड्याने राहून पाहणे शहाणपणाचे. दुसरा मार्गही आहे: २००८ पासूनचा एपिक आणि २०१८ पासूनचा आयकॉन हे हंगामी पास एकाच मूल्यात अनेक पर्वत खुले करतात. वर्षात पंधरा दिवसच बर्फावर जाणे होणार असेल, तर संघ असलेल्या शहरात राहून प्रवास करणे स्वस्त पडू शकते.

काही गावांनी या प्रश्नाला सामूहिक उत्तर शोधले आहे. कॅनडातील व्हिसलरने १९९७ साली स्थानिक कामगारांच्या घरांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. २०१० च्या ऑलिंपिकमधील खेळाडूंची वसाहत पुढे रहिवाशांची घरे झाली. अशा घरांची फेरविक्री ठरावीक मर्यादेतच करता येते. ती राहण्यासाठी मिळतात, नफ्यासाठी नव्हे. स्वित्झर्लंडच्या जनतेने तर २०१२ मध्ये सार्वमताने ठरवले, की कोणत्याही गावात दुय्यम घरांचे प्रमाण २० टक्क्यांवर जाऊ नये.

आपल्या परंपरेला ही कल्पना परकी नाही. परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक ज्या वस्तूंची मर्यादा ठरवतो, त्यांत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, अग्रस्थानी आहेत. ऐपत असलेल्या कुटुंबाला पर्वताच्या पायथ्याशी दुसरे घर घेऊन ते अकरा महिने कुलूपबंद ठेवता येईल. परंतु त्या एका कुलपामुळे कोणा शिक्षिकेला खिंडीपलीकडे राहावे लागत असेल, तर तो परिग्रह केवळ आपल्या खतावणीपुरता उरत नाही. बर्फाची आवड जरूर जोपासावी. घर मात्र एकच असावे, आणि ते असे असावे की ज्यात बाराही महिने दिवा लागेल.