ठासणीच्या रायफलीची गोळी

ठासणीच्या रायफलीची गोळी म्हणजे नळीच्या तोंडातून आत सारून गजाने दारूवर बसवली जाणारी शिशाची गोळी होय. काडतुसात दारू, गोळी आणि टोपी कारखान्यातूनच एकत्र बांधून येतात. ठासणीच्या शस्त्रात ही जुळणी प्रत्येक बारासाठी नेमबाजाला स्वतः करावी लागते. त्यामुळे लक्ष्यवेधाच्या या छंदात गोळीची निवड नेमाइतकीच महत्त्वाची ठरते. अयोग्य गोळीने केवळ नेम चुकतो असे नाही. गोळी दारूपर्यंत न पोहोचता नळीत मध्येच अडकली आणि त्या स्थितीत बार उडाला, तर नळी फुगू शकते किंवा फुटू शकते.

पार्श्वभूमी

मराठेशाहीतील बरकंदाजांच्या तोड्याच्या बंदुका बहुधा गुळगुळीत नळीच्या असत. त्यांत गोळी सैल बसे, भरणी लवकर होई, पण दूरच्या अंतरावर अचूकता राहत नसे. नळीत आटे पाडल्यास गोळीला फिरकी मिळून ती स्थिर जाते, मात्र आट्यांना घट्ट बसणारी गोळी ठासण्यास वेळ लागतो. हा पेच १८४९च्या सुमारास फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए याच्या गोळीने सोडवला. ती नळीपेक्षा किंचित लहान, टोकाला निमुळती व बुडाशी पोकळ असे. बार उडताच वायूच्या दाबाने तिचे बूड पसरून आट्यांत बसे. याच तत्त्वावरची १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल (कॅलिबर ०.५७७ इंच) भारतात आली आणि तिच्या काडतुसांना लावलेल्या चरबीच्या संशयाने १८५७चा भडका उडाला. कोल्हापुरातील २७व्या देशी पलटणीने ३१ जुलै १८५७ रोजी उठाव केला. त्यानंतर देशी शिपायांच्या हाती मुद्दाम आटे नसलेल्या बंदुका देण्यात आल्या. आट्यांची आणि त्यांना जुळणाऱ्या गोळीची किंमत सरकारला किती कळली होती, हे त्यावरून दिसते.

पीळ आणि गोळीचा आकार

निवडीची सुरुवात गोळीपासून नव्हे, तर नळीपासून होते. आटे किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, त्याला पीळ म्हणतात. ४८ ते ७२ इंचांत एक फेरा घेणारा संथ पीळ गोल गोळीस मानवतो. २० ते ३० इंचांत फेरा पूर्ण करणारा जलद पीळ लांबट गोळीसाठी असतो. गोळी व्यासाच्या मानाने जितकी लांब, तितकी जास्त फिरकी तिला हवी. संथ पिळाच्या नळीतून लांब गोळी उडवल्यास ती हवेत डळमळते व कागदी लक्ष्यावर आडवी आदळून लांबट भोक पाडते. असे भोक दिसल्यास दारूचे माप बदलत बसण्यापेक्षा गोळीच बदलावी, हे बरे. जोसेफ व्हिटवर्थ याच्या ०.४५१ इंच कॅलिबरच्या षट्कोनी नळीचा पीळ २० इंचांचा होता आणि लांब पल्ल्यावर तिने एन्फिल्डला मागे टाकले. मिनिए पद्धतीच्या लष्करी रायफली मात्र अपवाद आहेत: एन्फिल्डचा पीळ ७८ इंचांचा असूनही तिची आखूड, पोकळ बुडाची गोळी स्थिर राहते.

गोल गोळी व चिंधी

५० मीटरवरील छंदाच्या नेमबाजीस गोल गोळी पुरेशी असते. शिसे कमी लागते व धक्काही सौम्य बसतो. ती थेट आट्यांना भिडत नाही. तिच्याभोवती तेल किंवा मेण लावलेली कापडी चिंधी असते आणि आट्यांची पकड या चिंधीमार्फत गोळीवर बसते. ०.५० इंच (१२.७ मिमी) नळीसाठी सामान्यतः ०.४९० इंच (सुमारे १२.४५ मिमी) व्यासाची गोळी आणि ०.०१५ इंच (सुमारे ०.३८ मिमी) जाडीची चिंधी घेतात. अशा गोळीचे वजन सुमारे ११.४ ग्रॅम भरते. गोळीच्या दोन्ही बाजूंना मिळून जागा पाव मिलिमीटरच उरते. चिंधी दाबली जाऊन उरलेली आट्यांच्या खाचांत शिरते. चिंधी घट्ट विणीच्या सुती कापडाची असावी, कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळते. बारानंतर जमिनीवर पडलेली चिंधी उचलून पाहणे हा जाणकारांचा जुना परिपाठ आहे: ती जळलेली किंवा फाटलेली असेल, तर कापड पातळ आहे, वंगण अपुरे आहे अथवा नळीच्या कडा धारदार आहेत.

शिशाची गोळी आणि बंदुकीचे माप यांचे नाते भाषेतही उरले आहे. ‘बारा बोअर’ म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास त्यांतील एक जिच्यात बसेल ती नळी.

शिसे आणि ओतकाम

गोळीसाठी शुद्ध, मऊ शिसे उत्तम. बॅटरीच्या भंगारातील किंवा छपाईच्या खिळ्यांचे शिसे अँटिमनीमुळे कठीण असते. त्याची लांबट गोळी आट्यांत नीट पसरत नाही. शिसे ३२७.५ अंश सेल्सियसला वितळते, परंतु साचा थंड असल्यास गोळीवर सुरकुत्या पडतात. आत पोकळी राहिलेली गोळी बाहेरून निर्दोष दिसते, म्हणून प्रत्येक गोळी तोलून हलकी निघालेली पुन्हा वितळवावी. कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने पुष्कळ असल्याने हा दोष तेथील कारागिरांना सांगावा लागणार नाही. शिशाची वाफ व धूळ विषारी असते. काम उघड्या हवेत करावे, घरातील भांडी वापरू नयेत आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंबही पडू देऊ नये.

चाचणी

एका वेळी एकच गोष्ट बदलून, टेकूवरून पाच-पाच बारांचे गट मारून तुलना करतात. काळ्या दारूची काजळी नळीत साठत जाते व ओलावा शोषते. पावसाळी हवेत दोन बारांमध्ये नळी पुसली नाही, तर गट गोळीमुळे पसरला की काजळीमुळे, हे कळत नाही. गोळी दारूवर टेकली की गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवतात. पुढील भरणीत खूण वर राहिली, तर गोळी पूर्ण बसलेली नाही. धूररहित दारू या शस्त्रांत कधीही वापरू नये; तिच्या दाबासाठी या नळ्या बनवलेल्या नसतात.

स्पर्धा आणि कायदा

ठासणीच्या शस्त्रांच्या जागतिक स्पर्धांची परंपरा १९७१ पासूनची आहे. त्यांतील काही प्रकारांना मिनिए आणि व्हिटवर्थ यांचीच नावे आहेत. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. तेजस्विनी सावंत (५० मीटर प्रोन, जागतिक विजेतेपद, २०१०), राही सरनोबत आणि स्वप्निल कुसाळे (पॅरिस, २०२४, कांस्यपदक) या कोल्हापूरच्या नेमबाजांची कीर्ती आधुनिक काडतुसी शस्त्रांवरील आहे.

भारतात ठासणीची बंदूकही शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येते व परवान्याविना बाळगता येत नाही. या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. तथापि, असा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे: राधानगरी परिसरातील गव्यासारख्या प्राण्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे.