ज्योतीवर थंड होणारा फ्रिज

अमेरिकेतील कॅम्पग्राउंडवर आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, उभी केली की जाणकार मालक आधी पाणसळ लावतात आणि सखल बाजूच्या चाकांखाली ठोकळे सरकवतात. नवख्या मालकानेही ही सवय लावून घ्यावी. तिचे मोठे कारण म्हणजे फ्रिज.

अनेक आरव्हींतील फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. तो प्रोपेन गॅसच्या लहानशा ज्योतीवर चालतो. स्टॉकहोममधील बाल्टझार फॉन प्लातेन आणि कार्ल मुंटर्स या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना शोधली. तिच्या बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. ज्योतीच्या उष्णतेने द्रावणातील अमोनियाची वाफ होते. उतू जाणाऱ्या दुधाप्रमाणे तिचे बुडबुडे पाण्यालाही वर चढवतात. फ्रिजच्या मागील पत्र्यांतून उष्णता बाहेर गेली की अमोनिया द्रवरूप होतो आणि आतल्या नळीत उतरतो. तेथे हायड्रोजनमुळे कमी तापमानालाही त्याची पुन्हा वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता तो फ्रिजमधून शोषतो, म्हणून आतले अन्न गार राहते. शेवटी पाणी अमोनियाला पुन्हा विरघळवून घेते.

द्रवाचा हा परतीचा प्रवास केवळ उतारावर होतो. उभी गाडी कलती राहिली, तर द्रव मध्येच साचतो, ज्योतीजवळची नळी प्रमाणाबाहेर तापते आणि गंजरोधक क्षारांचे खडे बनून वाट कायमची बुजू शकते. चालत्या गाडीत द्रव हिंदकळत राहतो, त्यामुळे हा धोका कमी असतो. १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसर फ्रिजला मात्र ही अट एवढी कडक नसते.