घरचे बियाणे, घरची भाकर

सावरगाव आणि त्याच्या आसपासचा पांढुर्णा-सौंसरचा मुलूख म्हटला की, संत्र्याच्या बागा व कपाशीची शेते डोळ्यांपुढे उभी राहतात. या पिकांनी पुष्कळ घरांत पैसा आणला, हे कोणी नाकारणार नाही. परंतु कापूस खाता येत नाही, आणि संत्र्याने कुटुंबाचे पोट भरत नाही. भाव पडला की धान्य आणावयाचे कोठून, ही चिंता घरधनिणीला पडते. म्हणून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आधी पोटाचे पीक, मग बाजाराचे, असा क्रम पाळला, त्या आपल्याच राज्यातील आदिवासी बांधवांकडे आज वळून पाहू या.

2023 साली पांढुर्णा निराळा जिल्हा झाला. तोवर आपण ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होतो, त्याच्या तामिया भागात पातालकोटची खोल दरी आहे. तेथील भारिया लोक उताराच्या हलक्या जमिनीत कोदो, कुटकी व मका पिकवितात. कोदो-कुटकी केवळ पावसावर येतात, खताची फारशी अपेक्षा करीत नाहीत. कुटकीच्या हळव्या जाती तर अडीच-तीन महिन्यांत घरात येतात.

पूर्वेकडे दिंडोरी जिल्ह्यात बैगा लोकांची वस्ती आहे. धरणीमातेच्या छातीवर नांगर चालवू नये, अशी त्यांची जुनी समजूत. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत ते अनेक प्रकारचे बी एकत्र टाकीत. या पद्धतीला ते बेवर म्हणतात. एक पीक बुडाले तरी दुसरे तरावे, हे त्यातील शहाणपण. इंग्रज सरकारने 1890 साली ही शेती बैगाचक नावाच्या ठराविक गावांपुरती मर्यादित केली. पुढे बेवर मागे पडत गेली. मात्र बियाणे जपण्याची रीत सर्वस्वी नाहीशी झाली नाही.

त्याच जिल्ह्यातील सिलपिडी गावच्या लहरीबाई या बैगा भगिनीने आपल्या कच्च्या घरात भरडधान्यांचे सुमारे दीडशे वाण जमविले. त्या शेतकऱ्यांना बी देतात आणि पीक आल्यावर त्यातला वाटा परत घेतात. तोच पुन्हा दुसऱ्याच्या शेतात जातो. 2023 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनीही असेच गावरान वाण राखले. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. बीज वाटल्याने संपत नाही, हे या दोघींनी दाखविले.

ही धान्ये मागे पडली, त्याला कारणेही आहेत. कोदोचे टरफल कठीण. ते काढताना बायकांचे हात भरून येत. आता भरडण्याची यंत्रे निघाली आहेत. गावाने मिळून एक घेतल्यास हा भार हलका होईल. दुसरी गोष्ट सावधगिरीची. ओलसर कोदोवर बुरशी धरली, तर ते विषारी होते. 2024 च्या ऑक्टोबरअखेर बांधवगडच्या जंगलात असे कोदो खाऊन दहा हत्ती दगावले. म्हणून धान्य कडक उन्हात वाळवूनच कणगीत भरावे. कुबट वास येणारे जनावरालाही घालू नये.

कोणी म्हणेल, रेशन तर मिळतेच! खरे आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा 5 किलो, आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क दिला. 2023 पासून ते मोफत आहे. गरिबाच्या घरी हा मोठाच आधार होय. परंतु त्या पोत्यात पुढील वर्षाचे बियाणे नसते.

ते आपणच राखावे लागेल. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व शेजाऱ्याला देण्याचा हक्क दिला आहे. आमची विनंती एवढीच की, येत्या मृगात कपाशीच्या शेताचा एक कोपरा ज्वारी, तूर, बरबटी किंवा कुटकीसाठी सोडावा. पीक आले की त्यातले चांगले कणीस निवडून राख लावून ठेवावे, आणि मूठभर शेजारी द्यावे. एका घरचे बी उंदरांनी खाल्ले, तर ते दुसऱ्या घरी सापडेल. गावाची कणगी ती हीच.